सॅडलबॅग: एक पावसाळा, घाट आणि गंडीकोटा झाल्यावरचा अनुभव

मोटारसायकलच्या मागच्या दोन्ही बाजूंना सामानासाठी कपड्याच्या सॅडलबॅग घ्याव्यात की ॲल्युमिनियमच्या पेट्या, यात अडकलेल्यांसाठी लिहितोय. माझ्या कपड्याच्या आहेत, दोन्ही मिळून 50 लिटर, तोंड गुंडाळून बंद करायचं म्हणजे रोल-टॉप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या किमतीतल्या सगळ्या एकाच माळेचे मणी.

पावसाळा सगळा जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर गेला. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती काय उगीच नाही, तिथं पाऊस वरनं कमी आणि आडवाच जास्त मारतो, त्यात पुढच्या ट्रकच्या चाकाचं चिखलपाणी वेगळंच. तोंडाला तीन घड्या घातल्या की आत थेंब जात नाही. पण बॅग ठासून भरली की दोनच घड्या बसतात आणि पाणी शिरतं, त्यामुळं 50 लिटर म्हणजे 40 च धरा. सोबत रेनकव्हर मिळतं ते घरी ठेवलंत तरी चालेल, वेगात वारा भरून फडफडतं नुसतं.

बॅगेपेक्षा महत्त्वाचा तो स्टे, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणारी पाईपची चौकट. नुसते पट्टे सीटवरनं टाकून निघालात तर तिलारी घाटाच्या असल्या खड्या वळणांवर बॅग झुलते, एका बाजूला मागचं चाक आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, कशालाही लागली तरी गेली. मी बेळगावच्या उद्यमबागेत पाईप वाकवून स्टे बनवून घेतला, अजून वेल्डिंगला काही झालेलं नाही, रंग तेवढा उडालाय. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला भरायचं, मागचा सस्पेन्शन थोडा कडक करायचा, नाहीतर चढाला हँडल हलकं लागतं आणि वळताना गाडी बाहेर पळते.

मग हिवाळ्यात आम्ही मित्रांनी आंध्रातला गंडीकोटा किल्ला काढला. हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट, बळ्ळारी, गुत्ती, ताडिपत्री असं. रस्ता बहुतेक छान, त्यावर जास्त लिहीत नाही. पण ताडिपत्रीच्या पुढं सगळं बदलतं. आपले घाट म्हणजे झाडी, धुकं, वळणामागं वळण, आणि तिकडचे एर्रमला डोंगर बोडके, सपाट माथ्याचे. रस्त्याला फरश्यांनी भरलेले ट्रक, आपल्या किचनच्या ओट्याला लागतो तो कडप्पा याच मुलखातला. गोकाकला घटप्रभेची घळ बघत मोठे झालेलो आम्ही, तरी गंडीकोट्याच्या किल्ल्यातनं जामा मशीद, धान्याचं कोठार ओलांडून लाल खडकांवरनं पुढं गेलो आणि पायाखालची जमीनच संपली, तळाला पेन्ना नदी. कठडाबिठडा काही नाही. बडबडे मित्रसुद्धा खाली बसून घेतले.

इथं बॅगांची दुसरी परीक्षा झाली, धुळीची. बारीक लाल धूळ व्हेल्क्रोत आणि बकलात बसते, मग बकल अर्धंच लागतं. जुना टूथब्रश आणि थोडं पाणी, दुसरा उपाय नाही. सायलेन्सरकडच्या बॅगेत उष्णता शिरते हेही तिकडच्या दुपारीच कळलं. एका मित्राने हौसेनं घरचा कुंदा त्याच बॅगेत कोंबला होता, ताडिपत्रीच्या अलीकडे चहाला थांबून उघडला तर दुसरा म्हणतोय, "काय गा हे, कुंदा आंबायलाय की!" त्या बाजूला कपडे आणि अवजारं, खायचं दुसऱ्या बाजूला.

सगळ्यात मोठी अडचण कुलपाची. त्याच भागातली बेलम गुहाही बघितली, ती 3,229 मीटर लांब, त्यातला साधारण दीड किलोमीटर बघायला मिळतो, आत दमट उकाडा, घामाघूम होऊनच बाहेर येतो माणूस. आत जॅकेट, हेल्मेट कोण घेऊन फिरणार? आणि कपड्याच्या बॅगेला कुलूप लावून उपयोग काय, ब्लेडनं कापली की संपलं. आम्ही पाळीपाळीनं गाडीजवळ थांबलो, म्हणजे गुहा बघायला दुप्पट वेळ. एकटे फिरणार असाल तर सरळ पेट्या घ्या.

रात्री लॉजवर पट्टे सोडायचे, सकाळी परत आवळायचे, याचा पण कंटाळा येतो. त्याला उपाय म्हणजे आत वेगळी हलकी पिशवी, तेवढी उचलून खोलीत न्यायची, बॅग गाडीलाच. मला तर बाहेरच्या बॅगेपेक्षा या आतल्या पिशवीचाच जास्त उपयोग झाला.

गाडी आडवी झाली तर मात्र कपड्याचीच बॅग बरी, पाय खाली अडकला तरी पेटीच्या धारेसारखं लागत नाही. कच्च्या रस्त्याला जाणारे असाल तर माझं मत यालाच. मागं कुणाला बसवणार असाल तर दुकानातच बसवून बघा, उंच माणसाची टाच बॅगेला लागते.