झाडाला बांधलेले दोन कॅमेरे: एक हंगाम वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका. हरणांच्या शिकारीआधी रानात झाडाला बांधायचा कॅमेरा घेणार असाल, तर फोटो कार्डात साठवणारा, कार्डवाला साधा कॅमेरा घ्या, त्यात लिथियमचे सेल घाला आणि फोटो फोनवर धाडणाऱ्या सिमवाल्याचे पैसे वाचवा. ज्यांच्या कपात अजून चहा आहे त्यांनी पुढे वाचावं.

मी राहतो विस्कॉन्सिनात, मॅडिसनला. मूळचा देवरुखकडचा. इथे येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच हरणांच्या मागे गेली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथला हिशेबच वेगळा. हरणं शेतात, रस्त्यावर, गाडीच्या बॉनेटवर. त्यामुळे परवाना, टॅग, हंगामाच्या तारखा सगळं सरकार ठरवतं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा कोर्स केल्याशिवाय इथे परवाना मिळत नाही. मी तो चाळिशी उलटल्यावर, बारा-बारा वर्षांच्या पोरांशेजारी बसून केला. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी शनिवारी मित्राच्या शेतावर जातो. ते काही खोटं नाही.

शेत डॉजव्हिलच्या पुढे, आयोवा काउंटीत. हिमनद्यांच्या लाटण्याखालून हा भाग सुटला, त्यामुळे अजून टेकड्या आणि घळी शिल्लक आहेत. वर ओकचं रान, खाली मका नि सोयाबीन, मधून एक ओहोळ. मालक ऐंशीच्या घरातला. त्याच्या अटी दोनच: फाटक लावून घ्यायचं, आणि त्याच्या गाईला हरीण समजायचं नाही.

बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. २०२४ साली तो २३ नोव्हेंबरला लागला. नऊपैकी माझ्या वाट्याला येतात दोन दिवस. दोन दिवसांत साठ एकर रानात कुठल्या झाडाखाली बसायचं? ते कळावं म्हणून लोक ऑगस्टपासून झाडांना कॅमेरे बांधतात. मीही बांधले, दोन. एक कार्डवाला, साठ डॉलरच्या आतला. दुसरा सिमवाला, एकशे दहाचा, वर महिन्याला दहा डॉलर भाडं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, आणि माझी तक्रार या जातीच्या कॅमेऱ्याबद्दल आहे, कुणा कंपनीबद्दल नाही.

कल्पना तशी जुनीच. आमचे आजोबा डुकरांसाठी भाताच्या बांधाला दोरी ताणायचे आणि तिला रॉकेलचे रिकामे डबे टांगायचे. डुक्कर दोरीत अडकलं की खडखडाट. जॉर्ज शिरास नावाच्या गृहस्थांनी मिशिगनच्या उत्तर भागात तशीच दोरी ताणली, फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला डब्यांऐवजी कॅमेरा आणि फ्लॅश बांधला. हरणाने स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा! त्यांचे रात्रीचे फोटो १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिकने छापले. आताच्या डब्यात दोरीच्या जागी उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. समोरून ऊबदार अंग हललं की तो जागा होतो आणि फोटो निघतो.

गोम त्या ‘ऊबदार’मध्ये आहे. ऑगस्टच्या उन्हात गवताचं पानही तापतं आणि वाऱ्याने हलतं. पहिल्या तीन आठवड्यांचं कार्ड घरी आणून लावलं तर एक हजार नऊशे सेहेचाळीस फोटो. छाती भरून आली. त्यातले एक हजार नऊशे गोल्डनरॉडच्या एका फांदीचे निघाले. पिवळी फुलं डावीकडे, पिवळी फुलं उजवीकडे, मध्येच एक टर्की, पुन्हा पिवळी फुलं. शिवाय मी कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला ठेवलं होतं, म्हणजे सकाळचा प्रत्येक फोटो उन्हाने पांढराफटक. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा, कमरेच्या उंचीवर बांधा, आणि समोरचं दहा-पंधरा फूट गवत कोयत्याने साफ करा. डब्यासोबतच्या पुस्तिकेत यातलं सगळं लिहिलेलं होतं. पुस्तिका कोण वाचतो!

रात्रीच्या फोटोंसाठी दिवे दोन प्रकारचे मिळतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अंधारात मिणमिणते लाल ठिपके दाखवतात, पण फोटो उजळ येतो. ९४० वाले डोळ्याला दिसत नाहीत, पण उजेड कमी आणि पल्ला आखूड. माझा कार्डवाला लाल ठिपक्यांचा. हरणं बिचकतात असं ऐकलं होतं, तसं काही मला जाणवलं नाही. उलट सप्टेंबरात एक मादी पाडसाला घेऊन आली आणि लेन्सला नाक लावून उभी राहिली. तो फोटो मी मोठा करून ठेवलाय: ओलं, काळं, बारीक भेगांचं नाक, त्यावर बसलेला एक डास, आणि मागे धूसर झालेलं पाडसाचं ठिपकेदार ढुंगण. पुढचे अकरा फोटो लाळेतून काढल्यासारखे आलेत.

सेलचं मात्र नीट ऐका. आठ लागतात. मी नेहमीचे अल्कलाइन घातले. ऑक्टोबरपर्यंत ठीक. थंडी शून्याखाली उतरली तशी रात्रीच्या फोटोंतली हरणं काळवंडत गेली. सेल गारठले की दिव्यांना पुरेसा जोर मिळत नाही. लिथियमचे एए सेल उणे चाळीसपर्यंत तग धरतात आणि वजनालाही हलके. महाग आहेत, पण पैसे घालायचे तर तिथे घाला.

आता सिमवाला. तो ओहोळाकाठी बांधला आणि पहिले आठ दिवस मी अक्षरशः वेडा झालो. ऑफिसात मीटिंग चाललेली, खिशात फोन थरथरला की मी टेबलाखाली बघायचो: हरीण? रॅकून. हरीण? रॅकून. (रॅकून म्हणजे डोळ्यांवर काळी पट्टी असलेलं, चोरासारखं दिसणारं इथलं जनावर.) गणपतीत आरती चालू असताना फोन वाजला, मी ताम्हन दुसऱ्या हातात घेऊन बघितलं, रॅकूनच. बायको म्हणाली, “पोरीच्या वाढदिवसाचे नसतील एवढे त्या चोराचे फोटो झालेत फोनमध्ये.” खरं होतं. ओहोळाच्या घळीत नेटवर्कची एकच काडी, तीही कधी असते कधी नसते. फोटो पाठवण्यासाठी कॅमेरा धडपडत राहतो आणि त्या धडपडीतच सेल खाऊन टाकतो. तीन आठवड्यांत आठही सेल रिकामे, पुन्हा आठ, पुन्हा रिकामे. ऑक्टोबर संपता संपता मी नाद सोडला.

यात आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला हळूहळू पटत गेला. हरीण आत्ता कुठे उभं आहे हे खिशात कळत असेल, तर ती शिकार कसली? ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीच्या कामी असे कॅमेरे वापरायलाच बंदी घातली. बून अँड क्रॉकेट क्लब, जो शिंगांच्या मापांचे विक्रम नोंदवतो, तोही लागलीच फोटो धाडणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने मारलेलं जनावर आपल्या वहीत घेत नाही. आमच्या राज्यात चालतं. चालतं म्हणून मीही वापरला, आणि काय झालं सांगू? ऑगस्ट ते ऑक्टोबर ओहोळाकडे मी पाऊलच टाकलं नाही, फक्त सेल बदलायला गेलो ते सोडून. खुर्चीवर बसून रान बघत होतो.

कार्डवाल्याने मला चालवलं. दर तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, रबरी बूट घालून, वारा तोंडावर घेत वर जायचं, कार्ड बदलायचं, वाटेत दिसेल ते बघायचं. कुठे लेंड्या ताज्या आहेत, कुठल्या कोवळ्या झाडाची साल नराने शिंगं घासून सोललीय, कुठे ओकखाली खुरांनी जमीन उकरून मुतून ठेवलंय. (कॅमेऱ्यापुढे मक्याचा ढीग ओतून हरणं बोलवायची युक्ती आमच्या काउंटीत चालत नाही. इथे हरणांना सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, आमच्या शेजारीच माउंट होरेबजवळ तो २००२ मध्ये सापडला. एका ढिगावर तोंडं घातली की रोग पसरायला फावतं.)

आणि त्या कार्डात सुभेदार आला.

आठ टोकांचा नर, डाव्या शिंगाचं पुढचं टोक नाकाकडे वाकलेलं. ऑगस्टमध्ये शिंगांवर मखमल होती, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती फाटून लोंबू लागली, मग शिंगं स्वच्छ. नाव धाकटीने ठेवलं, त्याच्या मानेच्या ताठ्यावरून. एका जनावराला असं चेहऱ्याने ओळखू लागणं ही या डब्याची खरी नशा. अर्थात टिकत नाही. वाघाचे पट्टे जन्मभर तेच, म्हणून आपल्याकडे कॅमेऱ्यावर वाघ मोजता येतात. हरणाची शिंगं हिवाळ्यात गळून पडतात, पुढच्या वर्षी ओळखपरेड नव्याने.

ऑक्टोबरभर सुभेदार रात्री एक-दोनलाच फिरकायचा. १७ नोव्हेंबरला कार्ड आणलं तर चित्र पालटलेलं. माजाचे दिवस, नर माद्यांमागे वेडे. दहापैकी पाच सकाळी तो ओकखाली हजर: ६:५८, ७:०५, ७:११. मी तर मनातल्या मनात शिंगं भिंतीवरही लावली. २३ तारखेला सूर्य उगवणार सातच्या सुमारास, गोळी झाडायची परवानगी त्याच्या अर्धा तास आधीपासून. तो सातला येतो, म्हणजे सव्वासहाला जाऊन बसलं तरी चालेल. थंडीत उगाच लवकर का मरा?

तर शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मी डोक्याला टॉर्च लावून ओकच्या चढणीवर पोचलो, आणि वीस हातांवरून कुणीतरी जोरात फुत्कारलं. टॉर्चच्या उजेडात एक पांढरी शेपूट उभी राहिली, दोन उड्या, संपलं. शिंगं बघायला मिळाली नाहीत. बघायची गरजही नव्हती.

दुपारी घरी येऊन तोंड पाडून बसलो होतो. धाकटी लॅपटॉपवर फोटो चाळत होती. म्हणाली, “बाबा, सात वाजता उजाडलेलं असतं ना? मग हा फोटो काळापांढरा का आहे?”

उजेड असला की कॅमेरा रंगीत फोटो काढतो. दिवे लावले की काळापांढरा. ७:०५ चा फोटो काळापांढरा, आणि मी तो आठवडाभर बघत होतो. मला वाटलं होतं, ओकची सावली, ढगाळ हवा. खरं एवढंच की ३ नोव्हेंबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली, आणि झाडावरच्या डब्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. सुभेदार सहालाच येऊन जात होता, अगदी वेळेवर. एक तास चुकला तो मी. न्यायाने सांगायला हवं की सिमवाला आपली वेळ नेटवर्कवरून स्वतः लावतो, त्याच्याकडून ही चूक झाली नसती. पण तो तेव्हा सेल खाऊन झोपला होता.

रविवारी दोन्ही कॅमेऱ्यांपासून लांब बसलो, पश्चिमेच्या कुंपणाशी. ऑक्टोबरात कार्ड बदलून परतताना तिथल्या खालच्या तारेला मला केसांचे पुंजके दिसले होते, पांढरे, पोटाखालचे. म्हणजे रोजची वाकून जायची वाट. तिथे कॅमेऱ्याने कधी काही पाहिलेलं नाही. साडेतीनला तीन माद्या आल्या, तारेखालून एकेक करून, गुडघे मोडून. मोठी घेतली, एका गोळीत. डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला दिलं, रोग नसल्याचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरात. मग सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि आईने पाठवलेला मसाला. तो कशाला लागला, हे तिने विचारलं नाही.

या वर्षी कार्डवाला पुन्हा ओकलाच लागेल. झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलंय: नोव्हेंबरचा पहिला रविवार, घड्याळ. सिमवाला विकायला काढला होता, पण सिम न घालता तो नुसत्या कार्डावरही चालतो असं कळलं, म्हणून डिसेंबरात देवरुखला चाललाय. भावाच्या बागेत कच्चे फणस कोण पाडतं यावर घरात दोन तट आहेत, एक वानरांच्या बाजूचा, दुसरा शेजाऱ्याच्या. भावाचा प्रश्न एकच: वानराने डबाच उचकटून नेला तर? त्याच्यासाठी पट्ट्याऐवजी पोलादी तारेचं कुलूप घेतलंय, चौदा डॉलर.