ब्लोअर बिघडला: रेझिस्टर बदलायचा की मोटर?

गाडीच्या एसीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, एक, दोन, तीनवर ढिम्म आणि चारवर मात्र सोसाट्याने सुटतो? मग मोटर बहुतेक ठणठणीत आहे, गेलाय तो रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग. चार नंबरला करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरकडे जातो, म्हणून तेवढाच वेग उरतो. माझ्या गाडीचं हेच झालं होतं, तरी गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, मोटरच टाका." मी डॅशबोर्डखाली वाकून दोन स्क्रू काढले, तर रेझिस्टरची तार तुटलेली आणि कनेक्टरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. असा कनेक्टर तसाच ठेवला तर नवा पार्टही जळतो. बरेच जण तो बदलतच नाहीत.

मोटर कधी बदलावी? पंखा कुठल्याच नंबरवर फिरत नाही, फ्यूज शाबूत आहे आणि मोटरला थेट १२ व्होल्ट देऊनही ती हलत नाही, तेव्हा. किंवा ग्लोव्ह बॉक्सवर थाप मारली की चालू होते. म्हणजे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत. खर्च अर्थातच जास्त.

गंमत म्हणजे, जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि रेझिस्टर जाळते. त्यामुळे रेझिस्टर वरचेवर जात असेल, तर मी मोटरच बदलेन. त्याआधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, मात्र बघेन, कारण तो तुंबला की हवा कमी येते आणि रेझिस्टर थंड होतो तो त्याच हवेवर. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या (आतलं तापमान आपोआप राखणाऱ्या) गाड्यांत बहुधा रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे चार नंबरची ही खूण चालत नाही.