२११ दिवसांची स्ट्रीक शून्यावर: ध्येयांची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

वार्षिक सदस्यत्व घेऊन आठ महिने झाले. ध्येय, मुदत, काम झाल्याची रोजची टिक, रिमाइंडर, आठवड्याचा गोल आलेख, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. गेल्या महिन्यात स्ट्रीकचा, म्हणजे सलग किती दिवस नोंद झाली त्याचा, आकडा २११ वरून थेट ० झाला. काम झालं होतं, नोंदही केली होती. त्यामुळे पुढचं बरंचसं लिखाण या एकाच आकड्याबद्दल आहे. ॲपची अख्खी रचनाच त्या आकड्याभोवती बांधली आहे, तेव्हा बोलायचं तर त्याच्याबद्दलच बोलायला हवं.

बिघाड काय झाला ते आधी. डेटा एक्सपोर्ट केला, म्हणजे सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेतल्या, की प्रत्येक नोंदीपुढे दोन वेळा दिसतात, टिक केल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. त्या रात्रीच्या ओळीत टिक २३:४१ ची आहे आणि सर्व्हरची वेळ ००:०७. मधली २६ मिनिटं नेटवर्क नव्हतं. दिवस कोणता हे ठरवताना ॲपने दुसरी वेळ धरली. परिणाम असा की एका तारखेच्या खात्यात दोन नोंदी आणि आदल्या तारखेच्या खात्यात एकही नाही. रात्री उशिरा नोंद करणाऱ्या, प्रवासात असणाऱ्या, फोन विमान मोडवर टाकून झोपणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे होणार.

ग्राहक सेवेकडून चार उत्तरं आली. पहिल्या तीनमध्ये तोच परिच्छेद होता: ॲप काढून पुन्हा टाका. हे करण्याआधी थांबा. ॲप काढलं की सिंक न झालेल्या, म्हणजे सर्व्हरवर न पोहोचलेल्या, टिपा फोनवरून पुसल्या जातात, आणि ही सूचना कुठेही दिलेली नाही. चौथ्या उत्तरात एक्सपोर्टची ती ओळ मान्य केली, पण स्ट्रीक हाताने दुरुस्त करता येत नाही असं कळवलं. नोंद त्यांच्याच सर्व्हरवर आहे, वेळही त्यांनीच टिपली आहे, आणि तरी आकडा बदलता येत नाही, हे पटण्यासारखं नाही.

आता मूळ मुद्दा. बिघाड नसता आणि दिवस खरोखरच चुकला असता, तरी आकडा शून्यावर जायला नको होता. सवयी कशा लागतात यावर फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जण, १२ आठवडे, रोज एक ठरलेली कृती. एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणावा असा परिणाम होत नाही, असं त्यात दिसलं. कामाचं नुकसान नगण्य, पण ॲपवरचं नुकसान शंभर टक्के. एवढी तफावत असलेलं माप माप म्हणून बाद आहे.

त्यातून पुढे जे होतं ते जास्त घातक. आहारनियंत्रणाच्या संशोधनात जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी एक गोष्ट नोंदवली आहे: नियम एकदा मोडला की माणूस ‘आता मोडलाच आहे, तर जाऊ दे’ म्हणून उरलेला दिवसही सोडून देतो. शून्याचा आकडा नेमका हाच विचार डोक्यात आणतो. २११ असताना एक दिवस मौल्यवान वाटतो. ० असताना आज केलं काय आणि उद्या केलं काय, सारखंच वाटतं. सर्वात जास्त आधार लागतो त्याच दिवशी ॲप आधार काढून घेतं.

हे ही मान्य करायला हवं की पहिल्या तीन महिन्यांत स्ट्रीक हेच या ॲपचं सर्वात चांगलं अंग वाटत होतं. तेव्हा परीक्षण लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. सुरुवातीला रोज हजेरी लावायला ती खरंच भाग पाडते. मत बदललं ते एक्सपोर्ट उघडून मिनिटांचा रकाना पाहिल्यावर. ध्येय होतं रोज ३० मिनिटं अभ्यास. पहिल्या ६० दिवसांची सरासरी ३४ मिनिटं, शेवटच्या ६० दिवसांची ११. शेवटच्या ६० नोंदींपैकी ३७ रात्री साडेदहानंतरच्या. म्हणजे आकडा वर चढत होता आणि काम आत आत झिजत होतं, कारण आकडा राखायला दोन मिनिटंही पुरतात. माप हेच लक्ष्य झालं की ते माप म्हणून निकामी होतं, हा अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांचा १९७५ पासून सांगितला जाणारा नियम इथे आपल्याच रकान्यात दिसतो. तुमची स्ट्रीक १२० च्या वर असेल तर आजच एक्सपोर्ट करून हे दोन आकडे काढून बघा: पहिल्या आणि शेवटच्या दोन महिन्यांची मिनिटांची सरासरी, आणि रात्री उशिराच्या नोंदींचं प्रमाण. मिनिटं भरणं ॲपमध्ये ऐच्छिक आहे. ती भरतच नसाल तर आजपासून भरा.

मग स्ट्रीकऐवजी काय? गेले पाच आठवडे साध्या स्प्रेडशीटमध्ये २८ दिवसांची टक्केवारी चालू आहे. चार रकाने: तारीख, १ किंवा ०, मिनिटं, कारण. पाचव्यात शेवटच्या २८ ओळींची बेरीज भागिले २८. ३० नाही, २८, कारण चार पूर्ण आठवड्यांत प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो आणि सुट्टीचे दिवस एका बाजूला झुकत नाहीत. एक दिवस चुकला तर १०० चे ९६.४ होतात. चुकलेला दिवस दिसतो, बोचतो, पण चार आठवड्यांनी आपोआप या २८ दिवसांच्या खिडकीबाहेर जातो. २ मिनिटांच्या टिकेलाही इथे जागा नाही, कारण १ लिहायला किमान मिनिटं ठरवून ठेवायची. ३० मिनिटांच्या ध्येयाला १५ हा उंबरठा ठीक चालतो. त्याखाली ०.

टक्केवारीवरून निर्णय कसा घ्यायचा तेही ठरवून ठेवा, नाहीतर तीही नुसती शोभेची होते. सलग दोन आठवडे ८५ च्या वर असेल तर रोजचं प्रमाण थोडं वाढवा, पाचेक मिनिटं, जास्त नाही. ६० ते ८५ मध्ये असेल तर काही बदलू नका, अगदी हात शिवशिवले तरी. सलग दोन आठवडे ६० च्या खाली गेलं तर रोजचं प्रमाण निम्मं करा आणि मुदत त्या हिशोबाने पुढे न्या. ही टक्केवारी अनुभवातून आलेली आहे, दोन-पाच अंकांनी इकडेतिकडे चालेल.

कारणाचा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि ॲपमध्ये तोच नाही. ० लिहिला की शेजारी चारपैकी एक शब्द: विसर, वेळ, अवघड, टाळलं. चौघांचा इलाज वेगळा आहे. ‘विसर’ जास्त दिसत असेल तर आठवण करून देणारी खूण कमजोर आहे. ‘वेळ’ जास्त असेल तर दिवसातली जागाच चुकीची आहे, ती बदला. ‘अवघड’ असेल तर कामाचा तुकडा मोठा आहे: ‘प्रकरण ७’ असं लिहू नका, ‘प्रकरण ७ मधली पहिली पाच उदाहरणं’ असं लिहा. ‘टाळलं’ दोन आठवड्यांत पाच वेळा आलं तर ते ध्येय आपल्याला खरंच हवं आहे का, हा प्रश्न शांतपणे विचारायला हवा. ॲप या चारही आजारांवर एकच औषध देतं, ते म्हणजे आणखी एक रिमाइंडर.

रिमाइंडरबद्दल थोडक्यात. एकाच वेळी, एकाच शब्दांत येणारा रिमाइंडर तिसऱ्या आठवड्यापासून न वाचता बाजूला सारला जातो. दर दोन आठवड्यांनी मजकूर बदला. त्याहून चांगलं म्हणजे वेळेऐवजी प्रसंगाला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर–तर’ पद्धत यासाठीच आहे, आणि २००६ मध्ये पास्कल शीरन यांच्यासोबत त्यांनी ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा तिचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘रोज सकाळी अभ्यास’ असं लिहिण्याऐवजी ‘दात घासून झाले की टेबलाशी बसून वही उघडायची’ असं लिहा. आणि अडथळ्याचंही वाक्य लिहून ठेवा: ‘जर रात्री साडेनऊपर्यंत वही उघडली नसेल, तर नवीन काही न घेता आधीच्या प्रकरणाची १५ मिनिटं उजळणी.’ ॲपमध्ये टिपांच्या चौकटीत हे लिहिता येतं, पण ती चौकट टिक करताना समोर येत नाही. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वहीत खोचलेलं जास्त चालतं.

मुदतीचा हिशोबही ॲप चुकीचा शिकवतं. २४ प्रकरणं, १२ आठवडे टाकले की ते सरळ भागाकार करून आठवड्याला २ सांगतं. एक आठवडा आजारपणात गेला की सगळं वेळापत्रक लाल. माणूस स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बहुधा कमी धरतो. १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५.५ लागले. म्हणजे दीडपटीहून जास्त. यावर उपाय सोपा आहे: सहावा आणि बारावा आठवडा रिकामा ठेवून २४ ला १० ने भागा. आठवड्याला २.४, म्हणजे दोन आठवड्यांत ५ प्रकरणं. हे जमत नसेल तर २४ हा आकडाच जास्त आहे. तो पहिल्याच दिवशी कमी करा, नवव्या आठवड्यात नव्हे.

आकडा मागण्याची सक्ती मात्र चांगली आहे, तिथे पूर्ण गुण. ‘जमेल तेवढं करा’ यापेक्षा नेमकं आणि थोडं कठीण ध्येय जास्त काम करून घेतं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक १९६८ पासून सांगत आले आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत त्यांनी ते पक्कं केलं. ॲप नेमकेपणा मागतं, मुदत मागतं, मापाशिवाय ध्येय पुढे जाऊ देत नाही. पण ध्येयांच्या संख्येवर कसलीच मर्यादा नाही. तीनच्या वर नेऊ नका. सात ध्येयं टाकलेल्या पडद्यावर सोपी तीन रोज हिरवी होतात आणि अवघड चार तशीच पडून राहतात.

दोन गोष्टींचा राग येतो, त्या दुरुस्त करायला काहीच खर्च नाही. एक, २१ व्या दिवशी येणारा ‘सवय लागली’ हा बिल्ला. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आला, आणि ते बोलत होते रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दल. लॅली यांच्या अभ्यासात सवय लागायच्या दिवसांचा मध्यक ६६ होता (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) आणि पल्ला १८ ते २५४. बाविसाव्या दिवशीही ओढाताण होत असलेल्या माणसाला हा बिल्ला सांगतो की दोष तुझ्यात आहे. दोन, सुरुवातीच्या पडद्यावरची गोष्ट: अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या वर्गातल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून काढली, ते पुढे बाकीच्यांपेक्षा श्रीमंत झाले म्हणे. असा अभ्यास झालेलाच नाही. ध्येय लिहिण्याच्या बाजूने खरे पुरावे असताना खोटी गोष्ट कशाला हवी? २०१६ मध्ये हार्किन आणि सहकाऱ्यांनी १३८ अभ्यास एकत्र तपासले. प्रगतीची वारंवार तपासणी केल्याने ध्येय गाठायला मदत होते, आणि ती लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला कळवली तर जास्त होते, असं त्यात दिसलं. हे पडद्यावर लिहा ना.

भर, चार दिवसांनी: वरचं लिहून झाल्यावर सेटिंगमध्ये एक पर्याय सापडला. प्रोफाइल, मग ‘प्रगत’, मग ‘कॅलेंडर’, तिथे ‘दिवस कधी संपतो’. मुळात मध्यरात्र असते, ती पहाटे ४ पर्यंत नेता येते. हे आधी केलं असतं तर ००:०७ ची नोंद आदल्याच दिवसात धरली गेली असती. तेव्हा बिघाडाबद्दलची तक्रार निम्मी मागे घेतो आणि एक तारा परत देतो. निम्मीच, कारण चार उत्तरांपैकी एकातही हा पर्याय सांगितला नाही आणि तो मागच्या नोंदींना लागू होत नाही. ॲप चालू ठेवणार असाल तर हे सेटिंग आत्ताच बदला. सोबत मुख्य पडद्यावरचा स्ट्रीकचा आकडाही लपवा. ‘दिसणं’ या भागात त्याचं बटण आहे. लपवल्यानंतर उरतं ते रोजच्या नोंदीचं साधं, वेगवान साधन, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे.

आठवड्याचा आढावा मात्र ॲपवर सोपवू नका. तो गोल आलेख किती झालं एवढंच सांगतो. २० मिनिटं काढून स्प्रेडशीटमध्ये टक्केवारी बघा, कारणांचा रकाना मोजा, पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल लिहा आणि तो एका माणसाला कळवा. एका वेळी दोन बदल केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

सदस्यत्वाचं आपोआप नूतनीकरण बंद केलं आहे. उरलेले चार महिने टिक करण्यापुरतं वापरेन. तुम्हीही सोडणार असाल तर एक्सपोर्ट करताना ‘टिपांसह’ ही चौकट आधी निवडा, ती मुळात बंद असते. आणि खातं बंद करण्याआधी फाइल उघडून पहिली आणि शेवटची तारीख जुळते का ते बघा. पहिल्या प्रयत्नात शेवटचे ९० दिवसच आले होते, ‘सर्व कालावधी’ वेगळं निवडावं लागलं.