लागोसला मुक्काम कुठे करावा: बेटावर की इकेजात?

कामानिमित्त नायजेरियातल्या लागोसला निघालेल्या दोघा-तिघांनी अलीकडे मला एकच प्रश्न विचारला: हॉटेल व्हिक्टोरिया आयलंडवर घ्यायचं की इकेजात? मी दोन्हीकडे राहिलोय. पहिल्या खेपेला बारा दिवस बेटावर, दुसऱ्या खेपेला तीन आठवडे इकेजात. यलो फीव्हरची लस, मलेरियाच्या गोळ्या हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. लशीचं पिवळं कार्ड मात्र परत येईपर्यंत पासपोर्टबरोबरच ठेवा, कारण भारतात उतरतानाही ते मागतात.

मुंबईच्या माणसाला हे शहर पटकन उमगतं. लागोस आयलंड, इकोयी, व्हिक्टोरिया आयलंड आणि पुढे लेक्की ही बाजू म्हणजे आपलं टाउन समजा. खाडीपलीकडचं मेनलँड म्हणजे उपनगरं. विमानतळही तिकडेच, इकेजाला लागून. पण या उपनगरांना टाउनशी जोडणारी लोकल अजून पूर्ण झालेली नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या रेड लाइनचं स्टेशन इकेजात आहे, पण ती गाडी ओयिंगबोला, म्हणजे पाण्याच्या अलीकडेच थांबते. ब्लू लाइन बेटावरच्या मरिनापर्यंत जाते, पण ती माइल टू नावाच्या भागाकडून येते. इकेजाशी तिचा संबंध नाही. उरतात तीन पूल: कार्टर, एको आणि थर्ड मेनलँड.

बेटाची बाजू घ्यायची तर मुद्दे भरपूर आहेत. बँका, मोठ्या कंपन्यांची ऑफिसं, संध्याकाळी बसायच्या चांगल्या जागा तिकडेच. लेक्कीची नाईके आर्ट गॅलरी बघितल्याशिवाय परत येऊ नका. लेक्कीच्याच कन्झर्व्हेशन सेंटरमध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा 401 मीटरचा झुलता पूल आहे, माकडंही दिसतात. फक्त समुद्र बघायच्या आशेने व्हिक्टोरिया आयलंड निवडू नका. तिथला जुना बार बीच आता एको अटलांटिक या नव्या वसाहतीच्या भरावाखाली गेलाय. समुद्र हवा तर बोटीने तार्क्वा बेच्या किनाऱ्यावर जाता येतं. आणि जूनच्या पावसात व्हिक्टोरिया आयलंड आणि लेक्कीच्या रस्त्यांवर पाणी साचतं, हेही ध्यानात ठेवा.

माझा निर्णय मात्र झाला तो पुलामुळे. थर्ड मेनलँड ब्रिज 1990 मध्ये पुरा झाला, लांबी जवळपास बारा किलोमीटर. पहिल्यांदा त्यावरून जाताना खाडीत खांबांवर उभी असलेली माकोको वस्तीची घरं दिसली आणि मी गप्पच झालो. तिथे ट्रॅफिकला ‘गो-स्लो’ म्हणतात. सकाळी सगळे मेनलँडवरून बेटाकडे निघतात, संध्याकाळी उलट. मी बेटावर राहत होतो आणि काम इकेजाच्या कारखान्यांत होतं, म्हणजे रोज गर्दीच्या उलट दिशेने प्रवास. मजेत चाललं होतं.

मग परतीचा दिवस आला. शुक्रवार होता, विमान रात्रीचं. विमानतळ मेनलँडवर, म्हणजे त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच गर्दीच्या दिशेने निघालो. चार वाजता हॉटेल सोडलं. पुलाच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत पावणेसहा. गाड्यांच्या रांगांमधून पोरं थंड पाण्याच्या बाटल्या आणि केळ्याचे वेफर विकत धावत होती, आणि आम्ही तिथेच. पुलावरून उतरून दुसरा रस्ता धरायचा म्हटलं तर खाली नुसतं पाणी. ड्रायव्हर शांत होता, त्याला सवय होती. माझा घसा कोरडा पडला होता. ओवोरोन्शोकीला पूल संपला, पुढे ओशोडीला पुन्हा अडकलो. विमानतळाच्या दारात उतरलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. विमान मिळालं. पण तो सगळा दिवस, सकाळी डोळे उघडल्यापासून, त्या पुलाच्या धास्तीत गेला होता, आणि ती धास्ती मला पुन्हा नको होती.

इकेजात राहिलो तेव्हा हा घोर उरला नाही. जीआरए, म्हणजे गव्हर्नमेंट रिझर्व्हेशन एरिया, या भागात झाडं आहेत, रस्ते त्यातल्या त्यात शांत. मला खोलीही बेटापेक्षा बरीच स्वस्त पडली. आपले प्लग तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. अडॅप्टर मी कॉम्प्युटर व्हिलेज या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून घेतला. तिथे गर्दीत खिसा सांभाळा आणि महागडा फोन घ्यायच्या फंदात पडू नका. संगीताची आवड असेल तर नायजेरियन गायक फेला कुटीचं घर, म्हणजे आजचं कलाकुटा म्युझियम, इकेजातच आहे. सकाळी रस्त्यावर आकारा तळत असतात: चवळी भिजवून, वाटून केलेले वडे, लोक ते पावात घालून खातात. शाकाहारी माणसाचा नाश्ता झाला. जोलोफ राइस, म्हणजे टोमॅटोतला मसालेदार भात, मात्र विचारून घ्या, बऱ्याचदा तो मटणाच्या किंवा चिकनच्या पाण्यात शिजवतात. घरच्या जेवणाची आठवण फारच झाली तर जवळच इलुपेजूत भारतीयांची जुनी वस्ती आहे, डाळ-तांदूळ, मसाले मिळतात.

उणिवा आहेतच. वीज गेली की जनरेटरचा आवाज रात्रभर. खोली मागच्या बाजूची मागा. बेटावरही वीज जाते, पण मला तिथे आवाज कमी जाणवला. संध्याकाळी फिरायला जावं असं इकेजात फारसं काही नाही. बेट बघायला मी रविवारी सकाळी जायचो. बरेच लोक चर्चमध्ये असतात, आणि तोच पूल अर्ध्या तासाच्या आत पार होतो.

तुमचं ऑफिस रोज मरिना किंवा व्हिक्टोरिया आयलंडलाच असेल तर मी इकेजाचा आग्रह धरणार नाही. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्याच दिशेने जावं लागेल, आणि ते कुणालाच झेपत नाही. अशा वेळी बेटावर राहा, पण शेवटची रात्र इकेजात घ्या. विमान शुक्रवारचं असेल तर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला सामानासकट पूल ओलांडून टाका.