एनबीएवाल्यांचे पर्सनल ट्रेनर: एवढा पैसा नक्की कशाचा घेतात?

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, प्लेयरने स्वतःच्या खिशातून पर्सनल ट्रेनर ठेवणं ही सर्व्हिस पैसा वसूल आहे, पण ट्रेनरला त्या एका माणसाचं शरीर आणि त्या एका माणसाचा खेळ तोंडपाठ असेल तरच. बाकी जे इन्स्टावर प्लास्टिकचे शंकू मांडून, दोन हातात दोन बॉल, वर मागे मोठ्ठं म्युझिक लावून रील टाकतात त्यांना मी दोन स्टारच्या वर जाणार नाही, कितीही मोठा प्लेयर त्यांच्यासोबत घाम गाळताना दिसू दे.

बरेच जण विचारतात की अरे टीमकडे कोच आहेत, फिजिओ आहेत, शूटिंग शिकवायला पण वेगळा माणूस आहे, मग बाहेरचा कशाला? तर कारण साधं आहे. सीझनमध्ये ८२ मॅच, ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे जवळपास दिवसाआड मॅच, मधे विमान, हॉटेल, परत विमान, टीमची नीट प्रॅक्टिस होते तरी कधी. आणि कोचला मंगळवारची मॅच जिंकायची असते, त्याच्याकडे पंधरा पोरं, एकाचा डावा हात कच्चा आहे म्हणून तो महिनाभर त्याच्यामागे बसणार नाही. उन्हाळ्यात तर टीमच पांगते. ते जे तीन-चार महिने उरतात ना, खेळ बदलतो तो त्यातच, आणि तिथे ज्याचा त्याचा माणूस.

आता माझा सगळ्यात आवडता नमुना, डॅलसचा जर्मन प्लेयर डर्क नोविट्स्की आणि त्याचा ट्रेनर होल्गर गेश्विंडनर. होल्गर म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला पश्चिम जर्मनीच्या टीमचा कॅप्टन, शिक्षण गणित आणि फिजिक्सचं. त्याने डर्कला पंधरा-सोळाचा असताना खेळताना पाहिलं, हडकुळा लांबलचक पोरगा, आणि तिथून पुढे जवळजवळ पाव शतक सोडलाच नाही त्याला. आपल्याकडे गाण्यात गंडा बांधतात तसलाच प्रकार. बांबेर्गजवळ राटेल्सडॉर्फ नावाचं छोटं गाव, तिथल्या साध्या हॉलमध्ये हे दोघं, आणि होल्गर त्या उद्योगाला काय म्हणायचा तर उपयोजित आचरटपणाची इन्स्टिट्यूट! पोरांना वल्हवायला लाव, तलवारबाजी कर, हातावर चाल, एक सॅक्सोफोनवाला दोस्त हॉलमध्ये बसून वाजवतोय आणि पोरं त्या तालावर उड्या मारतायत. डर्क स्वतः पण सॅक्सोफोन शिकला. आपल्या ग्राउंडवरच्या कुठल्या सरांनी हे केलं असतं तर पालकांनी दुसऱ्या दिवशी फी परत मागितली असती.

पण त्या आचरटपणाच्या खाली हिशोब एकदम पक्का होता. बघा, रिंग १८ इंच रुंद, बॉल साधारण साडेनऊ इंच. बॉल सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण १८ इंच मिळतात, पण तसा तर कोणी शॉट मारत नाही. ४५ अंशात खाली येत असेल तर त्याच्या नजरेने तीच रिंग पावणेतेरा इंचाची होते, आणि ३० अंशात आला तर फक्त ९, म्हणजे बॉल आत मावतच नाही, कडेला आपटणारच. मग कोन वाढवत न्या की दार मोठं होतं, पण जास्तच उंच मारला तर ताकद जास्त लागते आणि अंतराचा अंदाज चुकतो. तर ह्या दोन्हीच्या मधे, सात फुटाच्या ह्या माणसाचा हात जिथून सुटतो त्या उंचीवरून, कुठला कोन धरला तर थोडी चूक होऊन पण बॉल आत जाईल, हे होल्गर कागदावर मांडून बसला आणि मग डर्कचा शॉट त्या हिशोबाने घडवला. गुडघा किती वाकवायचा, बोटं कशी पसरायची, सगळं. एका पायावर मागे झुकत मारायचा तो शॉट, ज्याला कोणी ब्लॉकच करू शकायचं नाही, आज डॅलसमध्ये स्टेडियमबाहेर त्याच पोजमध्ये त्याचा पुतळा आहे.

आणि मॅचमध्ये दिसलं का, हा माझा एकमेव प्रश्न असतो कुठल्याही ट्रेनरबद्दल. २०११, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची (म्हणजे मोठ्या फायनलच्या आधीच्या राउंडची) पहिली मॅच, ओक्लाहोमा सिटीविरुद्ध डर्कचे ४८ पॉइंट, त्यात फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, २४ पैकी २४. एक पण चुकला नाही राव! करिअरभर फ्री थ्रो ८८ टक्क्यांच्या आसपास, ते पण सात फुटी माणसाचे, जिथे बाकीचे उंच लोक लाइनवर उभे राहिले की आपलेच प्रेक्षक डोळे झाकून घेतात. फॉर्म गेला की होल्गर जर्मनीहून विमान पकडून डॅलसला यायचा, दोघं जिममध्ये, विषय संपला. २००७ मध्ये ६७ मॅच जिंकलेली टीम पहिल्याच राउंडला गोल्डन स्टेटकडून हरली, डर्क त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेयर, तोंड दाखवायला जागा नाही, तेव्हा होल्गर त्याला घेऊन ऑस्ट्रेलियात भटकायला गेला. ही पण ट्रेनिंगच, मला विचाराल तर. पाच पैकी पाच, आणि एक्स्ट्रा असेल तर तो पण.

त्याच २०११ च्या फायनलमध्ये समोर लेब्रॉन जेम्स होता, मायामीचा, आणि त्याची इतकी वाट लागली की फायनलमध्ये सरासरी १७.८ पॉइंट फक्त. एवढा मोठा रेडा, पण डॅलसने छोटे छोटे प्लेयर अंगावर घातले तरी रिंगजवळ पाठ करून खेळता येईना. मग त्या उन्हाळ्यात गडी ह्यूस्टनला गेला हकीम ओलाजुवानकडे. हकीम काही पेशाने ट्रेनर नाही, तो स्वतः १९९४ आणि १९९५ चा चॅम्पियन, पण रिंगजवळचे पाय त्याच्यासारखे कोणाचेच नाहीत, कोबी ब्रायंट पण त्याच्याआधी तिथे जाऊन आला होता. पुढची दोन वर्षं, २०१२ आणि २०१३, मायामी चॅम्पियन, आणि लेब्रॉन पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, जाऊन लोकांना चिरडताना दिसला. सगळं श्रेय हकीमला देणं चूक होईल, पण नेमकं जे येत नव्हतं ते शिकायला नेमक्या माणसाकडे जाणं, ह्याला अक्कल लागते. रोजच्या शरीराचं बघायला लेब्रॉनकडे माइक मॅन्सियस आहेच, वीस वर्षांच्या आसपास तोच माणूस. लेब्रॉन वर्षाला दीड मिलियन डॉलर शरीरावर खर्च करतो असा एक आकडा सारखा फिरत असतो, खरा-खोटा तो जाणे, पण चाळिशी आली तरी डंक मारतोय म्हटल्यावर बिल कोण तपासणार.

टिम ग्रोव्हरबद्दल आपल्या लोकांना जरा जास्त प्रेम वाटेल कारण माणूस भारतीय वंशाचा. शिकागोत अगदीच अनोळखी ट्रेनर होता, त्याने तिथल्या बुल्स टीमच्या प्लेयरना पत्रं पाठवली, फक्त मायकल जॉर्डनला सोडून, कारण तो कशाला आपल्याकडे येईल! आणि आला तोच. १९८९ ची गोष्ट, जॉर्डन ३० दिवस बघू म्हणाला आणि ग्रोव्हर १५ वर्षं टिकला. तेव्हा डेट्रॉइट पिस्टन्स जॉर्डनला हवेत उडाला की खाली आपटायचे, अक्षरशः, १९८८, ८९, ९० तिन्ही वर्षं बुल्स त्यांच्याकडूनच बाहेर. ग्रोव्हरने वजन वाढवलं, २०० पाउंडच्या आसपास होता तो २१५ पर्यंत, पण एकदम नाही, थोडं थोडं, कारण खांदे आणि हात अचानक जड झाले की शॉटची सवय बिघडते. हे मला फार पटतं, आमच्या ग्राउंडवर पण जिम लावून तीन महिन्यात फुगलेली पोरं बघितलीयेत, त्यानंतर त्यांचा प्रत्येक शॉट बोर्डच्या वरून. १९९१ ला बुल्सनी पिस्टन्सना ४-० धुतलं आणि पहिली चॅम्पियनशिप. पुढे जॉर्डन बेसबॉल खेळून परत आला तेव्हा शरीर बेसबॉलचं झालेलं, १९९५ ला ऑरलँडोकडून हरले, उन्हाळ्यात परत पहिल्यापासून सगळं, आणि पुढचा सीझन ७२ जिंकल्या, १० हरल्या. चार स्टार देतो. एक कापला कारण नंतरच्या काळात ग्रोव्हर ट्रेनिंगपेक्षा भाषणांसाठीच जास्त दिसतो आणि ते मारेकऱ्यासारखं मन बनवा वगैरे ऐकून ऑफिसातले लोक एकमेकांना ओरडायला लागलेत.

गोल्डन स्टेटचा स्टीफन करी. ह्यावर खरं वेगळंच लिहायला पाहिजे. घोटे असे की २०११ आणि २०१२ दोन्ही वर्षी ऑपरेशन, २०११-१२ सीझनला फक्त २६ मॅच. त्यामुळे नवीन करार झाला तो चार वर्षांचे ४४ मिलियन, तेव्हा लोकांना वाटलं गोल्डन स्टेटने रिस्क घेतली, आज ऐकून हसू येतं. तर घोटा सुधारायला घोट्याच्या मागे न लागता टीमच्या कीक लाइल्सने खुबा आणि ग्लूट्स (कुल्ल्याचे स्नायू) पकडले, म्हणजे वळताना, थांबताना सगळा झटका घोट्यावर यायचा तो वर मोठ्या स्नायूंनी खायचा. त्यासाठी डेडलिफ्ट, म्हणजे वजन जमिनीवरून उचलून उभं राहायचं, आणि हा किरकोळ दिसणारा माणूस ४०० पाउंड उचलायला लागला, साधारण १८० किलो, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. लाइल्स टीमचा माणूस होता हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल मी टीमवाल्यांना काही येतच नाही म्हणतोय.

पर्सनलवाला म्हणजे ब्रँडन पेन. शार्लटच्या जवळ फोर्ट मिल म्हणून गाव आहे तिथे त्याचं सेंटर, २०११ ला मालक-प्लेयर भांडणामुळे लीग बंद होती तेव्हा करी त्याच्याकडे जायला लागला तो अजून जातोय. ह्याची खासियत म्हणजे डोक्यावर लोड टाकणं. भिंतीवर दिवे लावलेत, कुठला कधी लागेल माहीत नाही, एका हाताने ड्रिबल चालू आणि दुसऱ्या हाताने लागलेला दिवा विझवायचा. कधी एका हाताने ड्रिबल आणि दुसऱ्याने टेनिस बॉल झेलायचा. कधी डोळ्यांना असा चष्मा की जो मधे मधे दिसणंच बंद करतो. वरवर बघितलं तर हे पण रीलवाल्यांसारखंच वाटतं, मला पण सुरुवातीला नौटंकी वाटली होती. पण करीचा खेळ बघा, दोन डिफेंडर अंगावर, त्यातून कोण कुठे मोकळा झाला हे ओळखून अर्ध्या सेकंदात पास किंवा शॉट. त्याला मॅचमध्ये जे नेमकं करावं लागतं तेच पेन दुप्पट गोंधळात करून घेतो, म्हणजे मॅच त्यातल्या त्यात शांत वाटते. आणि शूटिंग नेहमी दमवून, पळवून, कारण करी बॉल नसताना पण पूर्ण मॅच पळत असतो. २०१५-१६ मध्ये ४०२ थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, मारले बाबाने. पाच पैकी पाच.

ह्याच्या उलटं पण होतं आणि ते सांगितलं नाही तर रिव्ह्यू एकतर्फी होईल. मार्केल फुल्ट्झ, २०१७ ला टीम्सनी नवीन पोरं निवडली त्यातला पहिल्या नंबरचा पिक, फिलाडेल्फिया. सीझन सुरू व्हायच्या आत शॉटच बदललेला, फ्री थ्रोला बॉल हातात अडकल्यासारखा, पहिल्या वर्षी १४ मॅच. नंतरच्या उन्हाळ्यात प्रायव्हेट ट्रेनरकडे हजारो शॉट मारून झाले, सगळं ठीक झाल्याच्या बातम्या आल्या, आणि डिसेंबर २०१८ ला निदान आलं की मानेपासून खांद्याकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातायत, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. आता एकीकडे टीमचे डॉक्टर, एकीकडे बाहेरचे ट्रेनर, एकीकडे एजंट, प्रत्येकाचं वेगळं म्हणणं आणि मधे १९-२० वर्षांचं पोरगं. दुखणं असेल तर आधी डॉक्टर, ट्रेनर नंतर, एवढं तरी ह्यातून दिसतंच.

आता इथलं. आपल्याकडे पण सध्या एनबीए स्टाइल पर्सनल ट्रेनिंग म्हणून पाट्या लागल्यात, माझ्या भाच्याला ताईने असाच एक कॅम्प लावला होता, फी ऐकून भावजी दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. तिथे दोरीची शिडी, शंकू, पॅराशूट बांधून पळणं, सगळं होतं, फक्त रिंगमध्ये बॉल टाकताना कोणी बघत नव्हतं. मामा तो हात चुकीचा आहे का असं त्याने मला विचारलं, म्हणजे कोचला विचारायची सोयच नव्हती. नाव घेत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला खरं तर ग्राउंडवरचे सर आणि सोबत खेळायला आपल्यापेक्षा मोठी पोरं, एवढं पुरतं. मुंबईत नागपाड्याच्या ग्राउंडवर जाऊन बघा संध्याकाळी, तिथे काय पॅराशूट आहेत का. पर्सनल ट्रेनर हा ज्याला खेळ आधीच येतो आणि एक ठराविक गोष्ट अडलीये त्याच्यासाठी.

राहिला लुका डॉन्चिच. फेब्रुवारी २०२५ ला डॅलसने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं, वजनावरून बरंच बोललं गेलं, मग उन्हाळ्यात हा क्रोएशियात त्याच्या आंझे माचेक नावाच्या ट्रेनरसोबत, उपास, दिवसाला दोनदा वर्कआउट, आणि महिनाभर बास्केटबॉलला हातच नाही. २०२५-२६ सीझनच्या पहिल्याच मॅचला ४३ पॉइंट मारले, टीम मात्र हरली. बारीक झालाय हे फोटोत दिसतंच. पण उपासाचा खरा निकाल मे महिन्यातल्या प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, चौथ्या क्वार्टरमध्ये परत डिफेन्सला धावत येतो का ते बघायचं, त्यामुळे माचेकचे स्टार सध्या राखून ठेवलेत.