इळा की तारा?

बारसं बाराव्या दिवशी आणि घरात दोन नावांवर अडलंय? राशीचं अक्षर आधी बघा: इ वृषभेचं, ता तुळेचं. पत्रिका पाळणाऱ्या घरात वाद तिथेच मिटतो.

अर्थाच्या बाबतीत इळा भरीव. पृथ्वी, वाणी, पुराणात मनूची मुलगी, पुरूरव्याची आई. तारा म्हणजे चांदणी. वालीची पत्नी, बौद्धांची देवी. आयर्लंडमध्येही हे मुलीचं नाव आहे, पण तिथे ते एका टेकडीवरून आलंय.

खरी अडचण उच्चाराची. घरात अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, बोलत असतील तर तिच्यात ळ चा य होतो. जळगावचं जयगाव होतं, तशी आजीच्या तोंडी इळाची 'इया' होणार. इंग्रजीत आय-एल-ए लिहिलं की मोठा आय आणि लहान एल छपाईत सारखेच दिसतात, शिवाय परका माणूस 'आयला' वाचतो. शाळेत हे पोरीला छळेल. लिहायचंच तर सगळी अक्षरं मोठी लिहा. ताराचं फार तर 'टारा' होईल.

घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

पोरगी पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशात वाढणार असेल तर तारा. वर्गात एकटंच उठून दिसणारं नाव हवं आणि 'इया' ही हाक गोड वाटत असेल, तर इळा.