वायरलेस कंट्रोलर, वर्षभरानंतर: स्टिक मध्यावर थांबते का, एवढंच विचारा

गेम खेळायच्या कंट्रोलरबद्दल लिहिणारे बॅटरी, व्हायब्रेशन आणि बटणांचा वेग यांवर भरभरून लिहितात. अंगठा उचलल्यावर स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, खरंच मध्यावर येऊन थांबते का, आणि वर्षभरानंतरही थांबते का, हे कोणी सांगत नाही. माझ्यासाठी तीच पहिली कसोटी आहे, कारण मी गेममध्ये धावते कमी आणि उभी जास्त राहते.

मी कथा लिहिते. एखादी जागा वाचकासमोर कशी उभी करायची, हे मी जितकं वाचनातून शिकले तितकंच गेममधून शिकले. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये छावणीत नुसतं थांबलं तरी माणसं आपापसांत बोलायला लागतात, भांडतात, जुने विषय उकरून काढतात. मिशनमागे पळणाऱ्याच्या कानावर त्यातलं फार थोडं पडतं. आणि ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ तर सगळाच बघण्याचा खेळ. लुकास पोपचा हा गेम २०१८मध्ये आला. १८०७ साली फाल्मथ बंदरात एक जहाज परत येतं, त्यावर जिवंत माणूस नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. ६० जणांपैकी कोण कोण होतं आणि प्रत्येकाचं काय झालं, ते शोधायचं. मृत्यूचा क्षण गोठून उभा राहतो आणि आपण त्यात फिरतो. खलाशाच्या झोपायच्या झोळीवरचा आकडा, पायातला बूट, अंगावरचं गोंदण, असल्या खुणांवरून नाव लावायचं. पंचवटीतल्या एका वाड्यावर मी कथा लिहिली, तेव्हा घरातली माणसं आधी उंबऱ्याबाहेरच्या चपलांतून दाखवली. ती दृष्टी मला या गेमने दिली.

याच गेममध्ये नजर फिरवणाऱ्या उजव्या स्टिकने दगा दिला. आकडा वाचायला थांबावं, तर नजर आपोआप डावीकडे सरकायला लागायची. वाचता वाचता कोणी पुस्तक हळूच ओढून न्यावं, तसं. सकाळी कथा लिहायची आणि रात्री तासभर खेळायचं, हा माझा रिवाज आहे. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली होती आणि तो रात्रीचा तासच नासला.

कंट्रोलर साडेपाच हजारांचा, वॉरंटी चालू. कंपनीला नाशकात सेंटर नाही, म्हणून सगळं फोनवर. आधी ‘रीसेट करा’. मग ‘धुळीच्या जागी वापरता का?’ सिंहस्थाच्या कामांसाठी गावभर रस्ते खोदलेत, धूळ कोणाच्या घरात नाही? शेवटी उत्तर आलं की ही वापराने झालेली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. स्टिक ही हलवण्यासाठीच असते. हलवून ती वर्षाच्या आत झिजत असेल, तर तो बनावटीतला दोष आहे आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसायचा?

तात्पुरता उपाय म्हणून सेटिंगमध्ये डेडझोन वाढवला, म्हणजे स्टिकच्या मधल्या थोड्या हालचालीकडे गेमने लक्षच द्यायचं नाही. नजर सरकायची थांबली. तेव्हा मी या परीक्षणाच्या कच्च्या मसुद्यात ‘डेडझोन वाढवा, प्रश्न मिटेल’ असं लिहिलंही होतं. दोन आठवड्यांनी ते वाक्य काढलं. डेडझोन वाढवला की हळूवार हालचालच मरते. पात्राला चालवणाऱ्या डाव्या स्टिकलाही तीच सेटिंग लावली होती, तर पात्र एक तर ठप्प उभं, नाही तर एकदम चालू. रमतगमत चालणं गेलं, आणि मला तर तेच हवं असतं.

मग एम. जी. रोडवर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने कंट्रोलर उघडून दाखवला. साध्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत राहते. पट्टी झिजली की मध्यबिंदूचा व्होल्टेज बदलतो आणि गेमला वाटतं, अंगठा स्टिकवर आहे. “ताई, तीच परत टाकली तर परत येणार. हॉल इफेक्टची टाका,” तो म्हणाला. तिच्यात चुंबक आणि सेन्सर असतो, मोजणारे भाग एकमेकांना घासतच नाहीत. जुनी स्टिक काढायला १४ ठिकाणचं सोल्डर वितळवावं लागतं, आणि नवी बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे तिचा मध्य नव्याने ठरवून देणं. दोन्ही स्टिकचे मिळून बाराशे रुपये घेतले आणि संध्याकाळी कंट्रोलर हातात दिला.

घरी येऊन थोडं वाचलं आणि संताप दुप्पट झाला. सेगा या जपानी कंपनीने १९९८मध्ये ड्रीमकास्ट या गेमिंग कन्सोलच्या कंट्रोलरला असलीच चुंबकीय स्टिक दिली होती. इतक्या वर्षांनी मी साडेपाच हजार मोजून झिजणारी पट्टी विकत घेतली.

दुरुस्तीनंतर चार महिने झाले. डेडझोन अगदी कमी ठेवलाय, नजर जिथे ठेवली तिथेच राहते. सध्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ पुन्हा खेळतेय. २०२०चा गेम आहे. लढाया मी भराभर उरकते आणि भिंतींवरची चित्रं बघत थांबते.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी चांगली, पकड चांगली, खांद्यावरची बटणं जरा वाजतात, रात्री घरचे झोपलेले असताना जाणवतं. नवा घेणार असाल तर दुकानदाराला फक्त स्टिक कोणती आहे ते विचारा. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर (तीही चुंबकावर चालणारी, न घासणारी) म्हणाला तरच पुढे बोला. असा साध्या स्टिकचा कंट्रोलर आधीपासून घरात असेल तर फेकू नका, बाराशेत काम होतं. कंपनीला मी पाचपैकी दोन तारे दिलेत, आणि ते दोन्ही बॅटरीसाठी आहेत.